खनिजाची चिठ्ठी : त्सुमेबच्या तांब्याच्या खाणीतून

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीलगत एक लाकडी कपाट आहे. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे आणून दिलेले दगड त्यात ठेवले आहेत. कोणी सुट्टीत गावी गेला असता विहिरीच्या खोदकामातून आणलेला, कोणाला रस्त्याच्या कापात सापडलेला, तर कोणाच्या वडिलांनी खडीच्या खाणीतून मुद्दाम बाजूला काढून दिलेला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कपाटाची रीतसर यादी करावी, असे आम्ही विज्ञान विभागाच्या शिक्षकांनी ठरविले. काम हाती घेतले आणि पहिल्याच दिवशी आमची मान खाली गेली. बहुतेक दगडांची नावे आम्ही सांगू शकत होतो. परंतु तो दगड कोठून आला, केव्हा आला आणि कोणी आणला, हे मात्र फारच थोड्या दगडांविषयी सांगता आले. त्यांच्यासोबत चिठ्ठ्याच नव्हत्या. त्या लिहून घेण्याचे काम आमचे होते आणि ते आमच्याकडून झाले नव्हते.

खनिजांचे नमुने जगात कसे गोळा केले जातात, कसे नोंदले जातात, याचा शोध घेताना आम्ही जुन्या तांब्याच्या खाणींच्या इतिहासापर्यंत पोहोचलो आणि त्यातही नामिबियातील त्सुमेब या खाणीपाशी थांबलो. तेथील कथा विज्ञानाची आहे, सौंदर्याची आहे आणि माणसाच्या श्रमाचीही आहे. ती विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावी, यासाठी हा लेख.

धातुक आणि नमुना

ज्या दगडातून धातू काढणे परवडते, त्याला धातुक म्हणतात. खाणीच्या दृष्टीने धातुकाचे मोल एवढेच, की शंभर किलो दगडातून किती किलो तांबे मिळेल. तो दगड फोडला जातो, त्याचा चुरा होतो आणि शेवटी तो भट्टीत जातो. त्यात सुंदर स्फटिक असला काय आणि नसला काय, भट्टीला त्याचे सोयरसुतक नसते.

खनिजाचा नमुना म्हणजे या प्रवासातून बाजूला काढून वाचविलेला तुकडा. खडकातील एखाद्या पोकळीत, कोणताही अडथळा नसल्यामुळे, स्फटिक आपल्या स्वाभाविक आकारात पूर्ण वाढलेला असतो. तो ज्या खडकावर वाढला त्या खडकासह, धक्का न लावता, बाहेर काढता आला तर तो नमुना. धातू पुन्हा वितळवून वापरता येतो. परंतु एकदा फुटलेला स्फटिक पुन्हा जोडता येत नाही आणि एकदा बंद पडून पाण्याखाली गेलेली खाण सहसा पुन्हा नमुने देत नाही. म्हणूनच जुन्या खाणींतील नमुन्यांना संग्रहालये आणि संशोधक एवढे जपतात.

तांब्याच्या खाणीत एवढे रंग का?

तांब्याचे भांडे बरेच दिवस दमट जागी पडून राहिले, तर त्यावर हिरवा जंगाल चढतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. ताकातील आम्लात तांब्याचा अंश विरघळतो, म्हणून ते कळकते. जमिनीच्या पोटात हीच क्रिया प्रचंड प्रमाणावर आणि लक्षावधी वर्षे चालते.

खोल जमिनीत तांबे बहुधा गंधकाशी संयोग पावलेले असते. ही सल्फाइड खनिजे करड्या, काळपट किंवा पितळी रंगाची असतात. पावसाचे पाणी हवेतील ऑक्सिजन घेऊन खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. त्याच्या संपर्काने सल्फाइडांचे विघटन होते, आम्लयुक्त पाणी तयार होते आणि तांबे त्यात विरघळते. हे पाणी चुनखडी किंवा डोलोमाइट या कार्बोनेटयुक्त खडकांतून वाहू लागले, की त्याचे आम्ल शमते आणि तांबे पुन्हा स्थिर होऊन नव्या खनिजांच्या रूपाने बाहेर पडते. गडद निळे ॲझुराइट आणि हिरवे मॅलाकाइट ही दोन्ही अशीच जन्मलेली तांब्याची कार्बोनेटे होत. पाण्यात सिलिका असेल तर पाचूसारखे हिरवेगार डायोप्टेज तयार होते. शिसे असेल तर सेरुसाइट आणि जस्त असेल तर स्मिथसोनाइट. ज्या क्षेत्रात ही क्रिया घडते त्याला ऑक्सिडीभवनाचे क्षेत्र म्हणतात. संग्राहकांना हवे असलेले बहुतेक रंगीत नमुने याच क्षेत्रात सापडतात.

डायोप्टेजची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. अठराव्या शतकात कझाकस्तानातून हे खनिज प्रथम युरोपात पोहोचले, तेव्हा ते पाचू समजले गेले. पुढे फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रने जूस्त आवी यांनी 1797 मध्ये ते वेगळे खनिज असल्याचे दाखवून त्याला आजचे नाव दिले. पाचू काचेवर सहज ओरखडा काढतो. डायोप्टेज त्या मानाने मऊ असते. रंगावरून निर्णय करू नये, गुणधर्म तपासावेत, हा विज्ञानाचा पहिला धडा एका हिरव्या दगडाने असा शिकविला.

त्सुमेबचा हिरवा डोंगर

नामिबियाच्या उत्तरेस, ओटावीच्या डोंगराळ भागात त्सुमेब हे गाव आहे. तेथे एकेकाळी हिरव्या रंगाची एक टेकडी होती. तो रंग वनस्पतींचा नव्हता, तर मॅलाकाइटचा होता. डोलोमाइट खडकात उभ्या नळीसारखा खोल गेलेला धातुकाचा साठा तेथे पृष्ठभागावर उघडा पडला होता. तांबे, शिसे आणि जस्त या तिन्ही धातूंबरोबर आर्सेनिक, कॅडमियम, जर्मेनियम, गॅलियम अशी मूलद्रव्येही त्या साठ्यात होती. घटक जितके अधिक, तितके त्यांचे संयोग अधिक. त्यामुळे या एकाच खाणीतून तीनशेहून अधिक प्रकारची खनिजे नोंदली गेली आणि त्यांपैकी पन्नासहून अधिक खनिजांची जगातील पहिली नोंद येथूनच झाली. ओटावाइट (1906) आणि त्सुमेबाइट (1912) या खनिजांची नावे या भूमीवरूनच ठेवलेली आहेत.

या खाणीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ऑक्सिडीभवन सामान्यतः जमिनीच्या वरच्या थरांतच घडते, कारण ऑक्सिजनयुक्त पाणी फार खोल पोहोचत नाही. त्सुमेबमध्ये मात्र भूजल वाहून नेणाऱ्या भेगांचा पट्टा धातुकाच्या नळीला खोलवर जाऊन मिळाला होता. त्यामुळे पृष्ठभागालगतच्या क्षेत्राखेरीज सातशे मीटरहून अधिक खोलीवर दुसरे आणि त्याच्याही बरेच खाली तिसरे ऑक्सिडीभवन क्षेत्र निर्माण झाले. वरचे स्फटिक संपले असे वाटत असताना खालून नवे मिळत गेले. येथील कित्येक नमुन्यांत ॲझुराइटचा स्फटिक हळूहळू मॅलाकाइटमध्ये पालटलेला दिसतो. कडा, कोन आणि पृष्ठे निळ्या ॲझुराइटची, द्रव्य मात्र हिरव्या मॅलाकाइटचे. जणू आकाराने आपला पूर्वेतिहास जपून ठेवला आहे.

येथे 1922 मध्ये वर्णन झालेल्या जर्मेनाइट या खनिजाचेही महत्त्व सांगितले पाहिजे. जर्मेनियम हे मूलद्रव्य 1886 मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंक्लर यांनी शोधले. त्याच्या अस्तित्वाचे भाकीत मेंडेलीव्ह यांनी आवर्त सारणीच्या आधारे त्यापूर्वीच केले होते. पुढे 1947 मध्ये पहिला ट्रान्झिस्टर याच मूलद्रव्याच्या साहाय्याने तयार झाला आणि तोपर्यंत कुतूहलाचा विषय असलेले त्सुमेबचे जर्मेनियम उद्योगाच्या उपयोगाला आले. आज शोभेचा वाटणारा दगड उद्या कशाचे दार उघडील, हे कोणी सांगू शकत नाही.

हिरव्या डोंगराखालची माणसे

त्सुमेबचा शोध 1893 मध्ये लागला, असे काही पुस्तकांत वाचावयास मिळते. त्या वर्षी लंडनच्या एका कंपनीने पाठविलेले मॅथ्यू रॉजर्स हे खाणतज्ज्ञ तेथे पोहोचले होते. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील सान लोक टेकडीतून धातुक काढीत होते आणि उत्तरेकडील ओवाम्बो लोकांना ते देत होते. ओवाम्बो कारागीर ते वितळवून तांबे तयार करीत. ज्यांना ही टेकडी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांच्या बाबतीत 'शोध' हा शब्द वापरला जात नाही. ज्याने तिची नोंद कागदावर केली, त्याच्या बाबतीत तो वापरला जातो.

1900 मध्ये बर्लिन येथे ओटावी खाण व रेल्वे कंपनी स्थापन झाली. किनाऱ्यावरील स्वाकोपमुंडपासून त्सुमेबपर्यंत 567 किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग 1906 मध्ये पूर्ण झाला. त्याच काळात जर्मन वसाहतवादी सत्तेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार चालविला होता आणि बंदी केलेल्या हेरेरो माणसांना या लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले होते. तो संहार वंशविच्छेद होता, हे जर्मनीने अधिकृतपणे 2021 मध्ये मान्य केले. युरोपच्या संग्रहालयांत मखमलीवर ठेवलेले त्सुमेबचे सुरुवातीचे नमुने याच मार्गाने समुद्रापर्यंत गेले.

पहिल्या महायुद्धात हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेला आणि 1947 मध्ये खाण अमेरिकी भांडवलाच्या नव्या कंपनीकडे आली. कामगार बहुतांशी उत्तरेतील ओवाम्बो होते. कराराच्या पद्धतीने त्यांना आणले जाई. कुटुंब सोबत आणण्याची मुभा नव्हती; पुरुषांनी बंदिस्त वसाहतीत राहावयाचे आणि कराराची मुदत संपल्यावर गावी परतावयाचे. काम बदलण्याचा वा मालक निवडण्याचा अधिकार नव्हता. डिसेंबर 1971 मध्ये या करारपद्धतीविरुद्ध नामिबियातील हजारो कामगारांनी संप पुकारला. त्सुमेबचे कामगारही त्यात होते. स्वातंत्र्य त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी, 21 मार्च 1990 रोजी आले. खाण 1996 मध्ये बंद झाली, उपसा थांबला आणि खालच्या पातळ्यांत पाणी भरले.

जेवणाच्या डब्यातून संग्रहालयाकडे

मग नमुने वाचले कसे? स्फटिकांनी भरलेली पोकळी प्रथम दिसते ती खाणकामगाराला. सुरुंगानंतरच्या धुळीत, दिव्याच्या उजेडात काहीतरी चमकते. तो तुकडा भट्टीकडे जाऊ द्यावयाचा की बाजूला काढावयाचा, हा निर्णय त्या क्षणी त्याच्या हातात असतो. स्फटिक न दुखावता काढणे सोपे नाही. भोवतालचा खडक सावकाश सोडवावा लागतो, घाव कोठे घालावा हे कळावे लागते. काढलेला तुकडा चिंध्यांत गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून वर आणावयाचा. जगभरच्या खाणींत ही रीत होती. कागदोपत्री तो दगड कंपनीचा असल्याने अशा वेळी कामगार चोर ठरे. तोच तुकडा व्यापाऱ्याच्या हाती गेला, की त्याची बहुमोल वस्तू होई.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील तांब्याच्या खाणींतही हेच दिसते. तेथील व्हील गॉर्लंड या खाणीतून लायरोकोनाइट नावाचे आकाशी-निळे दुर्मिळ खनिज मिळाले. त्याच्या तोडीचे नमुने अन्यत्र क्वचितच आढळले. फिलिप रॅशली या जमीनदाराने अठराव्या शतकात अशा नमुन्यांचा मोठा संग्रह केला आणि त्याची नोंदवही ठेवली. त्या नोंदींमुळेच तो संग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. मात्र त्या खाणींच्या तोंडाशी बसून हातोड्याने धातुक फोडणाऱ्या व निवडणाऱ्या मजूर स्त्रिया होत्या. हजारो दगड त्यांच्या नजरेखालून व हातांखालून जात. संग्राहकाचे नाव आपणास ठाऊक आहे. त्या स्त्रियांपैकी कोणाच्या नजरेने कोणता स्फटिक वाचविला, हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले आम्हाला आढळले नाही.

नाव कोणाचे?

नव्या खनिजास नाव देण्याची पद्धत मोठी बोलकी आहे. त्सुमेबच्या खनिजांची नावे पाहा. केगेलाइट हे नाव खाणीच्या कामकाजाचे संचालक केगेल यांच्यावरून आहे आणि स्टॉटाइट हे संचालक स्टॉट यांच्यावरून. सोंगेआइट हे मुख्य भूवैज्ञानिकावरून, तर श्नायडरहोनाइट हे खाणीच्या धातुकाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकावरून. कीआइट, प्रॉस्पेराइट आणि लेटाइट ही नावे नमुन्यांच्या व्यापाऱ्यांवरून आली. 1893 मध्ये आलेल्या रॉजर्स यांच्याही नावाचे एक खनिज आहे. ही माणसे आपापल्या जागी गुणी होती. त्यांनी जपले, ओळखले, अभ्यासकांपर्यंत पोहोचविले, म्हणून तो मान त्यांना मिळाला. त्यांचे श्रेय कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जितकी नावे आम्ही तपासली, त्यांत सुरुंगाच्या धुरातून तो दगड पहिल्यांदा उचलणाऱ्या एकाही ओवाम्बो खाणकामगाराचे नाव आम्हाला आढळले नाही.

ज्याच्या हातात लेखणी, त्याचे नाव दगडावरही कोरले जाते. शिक्षणाचे महत्त्व सांगणारे याहून कठोर उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आपल्या मातीतील दगड

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्राचा काळा खडक हा ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. त्यातील वायूंच्या पोकळ्यांत झिओलाइट, ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे अप्रतिम स्फटिक वाढले आहेत. जळगाव, नाशिक आणि पुणे परिसरातील हे नमुने जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत मिळालेल्या गडद निळ्या कॅव्हनसाइटची गणना त्या खनिजाच्या जगातील सर्वोत्तम नमुन्यांत होते. या स्फटिकांचे प्रारंभीचे नमुने एकोणिसाव्या शतकात बोरघाटातील लोहमार्गाच्या कापांतून निघाले. तो घाट फोडताना हजारो मजुरांनी रोगराईत आणि अपघातांत प्राण गमावले. जुन्या चिठ्ठ्यांवर घाटाचे नाव आहे. घाट फोडणाऱ्यांचे नाही.

नमुना गोळा करताना

विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी स्पष्टपणे नोंदवितो. बंद पडलेल्या खाणीत, जुन्या बोगद्यात किंवा चालू दगडखाणीत कधीही जाऊ नये. जुन्या बोगद्यांत छत ढासळते, हवा विषारी असू शकते, पाण्याखाली झाकलेली खोल विवरे असतात. नमुना जागेच्या मालकाच्या परवानगीने आणि मोठ्या माणसाच्या सोबतीनेच उचलावा. लेणी, किल्ले आणि स्मारके यांच्या दगडाला हात लावू नये. तांबे, शिसे व आर्सेनिक यांची खनिजे विषारी असतात. ती हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, कोणताही दगड जिभेला लावू नये, त्याची पूड करून हुंगू नये.

नमुना हाती आल्यावर धुण्याची घाई करू नये. झिओलाइटचे केसासारखे स्फटिक पाण्याच्या एका धारेने नष्ट होतात आणि आम्लाने तर ॲझुराइट-मॅलाकाइट विरघळूनच जाते. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळावा आणि त्याच जागी, त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी. नंतर लिहू म्हटले की ती लिहिली जात नाही, हे आमच्या कपाटाने आम्हाला शिकविले आहे.

चिठ्ठीशिवाय दगड केवळ शोभेचा उरतो. नेमके ठिकाण, खोली आणि दिनांक यांची नोंद असेल तर तोच दगड पुरावा होतो. त्सुमेबची तीन ऑक्सिडीभवन क्षेत्रे आज समजावून घेता येतात, त्यात कोणता नमुना कोणत्या पातळीवरून आला, याच्या नोंदींचा मोठा वाटा आहे.

आमची नवी चिठ्ठी

आता आम्ही कपाटासाठी नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आहेत. खनिजाचे नाव, गाव, तालुका, नेमकी जागा, दिनांक आणि ज्या खडकात ते सापडले त्याचे वर्णन, हे रकाने इतरत्रही असतात. आम्ही त्यात एक रकाना वाढविला आहे : 'कोणाच्या हाताने निघाला'.

ज्यांना आठवत होते त्या विद्यार्थ्यांना आम्ही जुन्या दगडांविषयी विचारले. खडीच्या खाणीत काम करणाऱ्या पालकांपैकी एकजण मुलाला भेटावयास आले असता त्यांना कपाटापाशी नेले. पाच वर्षांपूर्वी आपणच दिलेला दगड त्यांनी तत्काळ ओळखला. खाणीच्या कोणत्या बाजूस, किती खाली, पावसाळ्यापूर्वी की नंतर, पोकळीत पाणी होते की नव्हते, सारे त्यांनी सांगितले. स्फटिक शाबूत राहावा म्हणून त्यांनी सुतकीऐवजी लहान छिन्नी घेतली होती आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी त्यात घालविली होती. आम्ही सांगितलेले 'स्टिल्बाइट' हे नाव त्यांना नवे होते; त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आम्हाला नव्या होत्या. त्यांच्या मुलाने आमच्यासमोर बसून चिठ्ठी लिहिली. शेवटच्या रकान्यात वडिलांचे पूर्ण नाव लिहिताना त्याने अक्षर विशेष काळजीने काढले.

वडिलांनी चिठ्ठी हातात घेतली, आपले नाव ओळखले आणि ती दगडाखाली नीट सरकवून ठेवली. कपाटातील बाकीच्या दगडांच्या चिठ्ठ्या लिहावयाच्या राहिल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी कधीकाळी या कपाटासाठी दगड आणला असेल, त्यांनी शाळेत येऊन आपापली चिठ्ठी लिहावी, अशी या स्मरणिकेच्या द्वारे आम्ही त्यांना आग्रहाची विनंती करीत आहोत.